उंची काढा

डिसेंबरातला शुक्रवार, शेवटचा तास. फळ्यावर लिहिलं :
आपण राहतो त्या इमारतीची उंची काढा.
साहित्य – एक काठी, मोजपट्टी, ऊन.
काठीला तिची सावली, इमारतीला तिची,
दोन्ही त्रिकोण समरूप,
पुढचं सगळं गुणोत्तर करतं, मी म्हटलं,
आणि घंटा व्हायच्या आत मैदानात नेऊन
झेंड्याचा खांब मोजून दाखवला.
सहा मीटर वीस.
शिपाई रेडकर म्हणाले, बरोबर असेल,
रंग द्यायला मीच चढलो होतो.

सोमवारी बत्तीस वह्या.
त्यातल्या बावीस वह्यांत उंची एकच,
तेवीस पॉइंट आठ पाच,
पाचाची शेपटीसुद्धा सारखीच वळलेली.
मुझम्मिल मुकादमने काठीऐवजी धाकटा भाऊ उभा केला,
तो कंटाळून मधेच बसला,
सावली आखडली,
आणि मानखुर्दची इमारत पंधरा मजल्यांची झाली.
सायमनने उत्तराखाली लिहिलेलं : ढग आला. अंदाजे.

मग प्रणोती गमरे, इमारत चौतीस ब.
अख्ख्या पानावर एक ओळ :
बाई, सावली सापडली नाही.

लाल पेनचं टोपण काढलं.
सबबी ओळखायला एकोणीस वर्षं लागत नाहीत,
मला तेवढी झालीत.
ती टेबलाशी आली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.
दहाला गेले बाई, बाराला गेले, अडीचलाही.
आमच्यात नि समोरच्यात दहा फूट.
ऊन सातव्याच्या खिडकीला लागतं
आणि तिथूनच परत जातं.
काठी उभी केली, तर काठीलाही नाही.
तळमजल्याच्या काकूंनी विचारलं, काय गं शोधतेस?
म्हटलं, सावली.
तर म्हणाल्या, ही काय, सगळी तीच तर आहे.

वर्ग हसला. सगळा नाही.
बावीस जण वहीत बघत होते.

ते राहतात तिथेच, त्याच कंपाऊंडात,
बत्तीस अ, तेहतीस, छत्तीस ब.
मग शनिवारी ते कुठल्या उन्हात उभे होते?

पुस्तकातल्या इमारतीशेजारी मोकळी जमीन असते,
एक झाड असतं,
वरच्या कोपऱ्यात सूर्य, त्याला एकच किरण,
तोही पट्टीने काढलेला.
मी तो एकोणीस वर्षं काढत आले,
पिवळा खडू मिळाला तर पिवळ्याने.

पान उलटलं.
मागे, कच्च्या कामाच्या जागी, पेन्सिलीत :
एक पायरी साडेसोळा सेंमी.
मजल्याला सतरा. गच्चीपर्यंत आठ वेळा.
खाली ओट्याच्या तीन, त्या एकोणीसच्या.
वर कठडा एकशे पाच.
चोवीस मीटर सहा सेंमी.
पडताळा : गच्चीवरून सुतळी सोडली, टोकाला कुलूप.
चोवीस मीटर दहा.
फरक चार. सुतळी ताणते.

पायऱ्या मोजल्यास कधी?
मोजल्या नाहीत बाई, पाठ आहेत.
दिवाळीपासून लिफ्ट बंद, पाण्याचे कॅन मीच नेते.
मग हे पुढच्या पानावर का नाही लिहिलंस?
तुम्ही सावलीने सांगितलं होतं.

आमच्या कोष्टकात रीतीला तीन गुण, उत्तराला दोन.
रीत वेगळी असली तर काय, याचा रकाना नाही.
त्या चौकोनात पेन टेकवून
मी बराच वेळ बसले, शाईचा ठिपका पसरेपर्यंत.
पाच लिहिले.
ठिपक्यामुळे ते पॉइंट पाच दिसायला लागले,
तेव्हा अक्षरांत लिहिलं, पाच.
बाकीच्यांचे गुण मात्र राहिलेत अजून.
तेवीस पॉइंट आठ पाचवर काट मारायला हात होत नाही,
बरोबरची खूण करायलाही.

पुढच्या शुक्रवारी फळ्यावर :
आपल्या इमारतीत ऊन किती खाली उतरतं ते मोजा.
साहित्य – काही नाही.
उत्तर पायऱ्यांत द्या.

मुझम्मिलने हात वर केला,
बाई, हे बोर्डाला येतं?
म्हटलं, नाही येत.
वही काढ.